बनुबाईचा गॉगल

आकाराम हवालदारांनी आयुष्यात कुणाला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. त्या मंगळवारी ते साताऱ्याहून एसटीनं कराडला गेले, ते मात्र तेवढ्यासाठीच.

झालं होतं असं. कपाट आवरताना त्यांच्या मुलाला, वीरधवलला, आईचा जुना गॉगल सापडला. बनुबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानं सहज गॉगलचा फोटो मोबाइलवर टाकला आणि संध्याकाळी सांगलीच्या धैर्यशील नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना दुर्मिळ गॉगल जमवायचा नाद होता. हा गॉगल म्हणे परदेशी कंपनीनं दोनच वर्षं काढला आणि बंद केला. अस्सल असेल तर ते मागू ती किंमत देणार होते.

"कपाटात पडूनच हाय न्हवं, आबा?" वीरधवल म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी साली तुमी कराडच्या हुसेनभाईंच्या चष्म्याच्या दुकानातनंच घेतला हुता. गुरुवारी धैर्यशीलरावांना तितंच बोलावलंय. हुसेनभाई अस्सल म्हणाले की झालं."

पडून कुठला. वीरधवल एमआयडीसीत कामाला गेला की हवालदार रोज दुपारी तो गॉगल मांडीवर घेऊन बसत. सुट्टीवर आले असताना त्यांनी तो बायकोसाठी हौसेनं घेतला होता. बनुबाईनं जत्रेत एकदा घातला, बायका हसल्या, मग ती तो फक्त कांदा चिरताना घालायला लागली. पदर खोचून, गॉगल लावून दारात कांदा चिरत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तशीच मान वर करून "या, बसा" म्हणायची. पण पंचवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसानं बायकोच्या गॉगलसाठी अडून बसायचं, हे पोराला सांगायला त्यांची जीभ रेटेना. गॉगल नकली ठरला तर काही सांगावंच लागणार नव्हतं.

हुसेनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला चष्मा खाली ठेवला.

"नकली म्हणू? हवालदार, बावन्न वर्षं झाली दुकानाला. माझाच माल मी नकली म्हणू?"

"एवढा एक डाव."

"दुसरं कायबी सांगा. काच तडकलीय म्हणतो."

"काच त्ये बघत्यालच की."

हुसेनभाईंना एवढा घाम का फुटला, ते हवालदारांना कळलं नाही. "बरं," ते शेवटी म्हणाले. "तुमच्यासाठी म्हणतो."

गुरुवारी धैर्यशीलराव भिंग आणि वजनाचा छोटा काटा घेऊनच आले. हवालदारांसोबत आलेल्या वीरधवलनं गॉगल काउंटरवर ठेवायचा अवकाश, हुसेनभाई म्हणाले, "नकली हाय."

"अहो, तुम्ही बघितलासुद्धा नाही."

"बघायचं काय त्यात? मीच विकलाय."

वीरधवल ताठ झाला. "म्हंजे आमच्या आबांना तुमी फसवलं?"

"जाऊ दे रं," हवालदार घाईनं म्हणाले. "तवा कुणाला कळत हुतं."

"तुमी गप बसा, आबा. फौजी माणूस बघून गळ्यात मारला यांनी."

धैर्यशीलरावांचं या भांडणाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काच उजेडाकडे धरून भिंग लावलं होतं. "थांबा," ते म्हणाले. "काचेच्या कोपऱ्यात बारीक दोन अक्षरं कोरलेली आहेत. ही कंपनीची खूण. नकली मालावर नसते ही." मग भिंग खाली घेऊन त्यांनी हुसेनभाईंकडे नीट पाहिलं. "स्वतःचा अस्सल माल नकली म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघतोय. तुम्हालाच हवाय वाटतं हा. मी दुप्पट द्यायला तयार आहे."

"असं हाय व्हय?" वीरधवलचा आवाज चढला. "आमच्याकडनं फुकापासरी काढून घ्यायचा बेत हुता."

चष्मा करायला आलेली दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. हुसेनभाईंनी हवालदारांकडे पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या नजरेनं हवालदार मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"त्यास्नी मीच सांगितलं हुतं, नकली म्हणा म्हणून," ते म्हणाले. "मला द्यायचा न्हाई त्यो. तुझी आई त्यो घालून कांदा चिरायची."

वीरधवलचा आवाज एकदम खाली आला. "मग मला सांगायचं हुतं की, आबा."

"कसं सांगणार?"

धैर्यशीलरावांनी भिंग डबीत ठेवलं आणि हवालदारांना नमस्कार केला. वीरधवल हुसेनभाईंच्या पाया पडला आणि धैर्यशीलरावांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. हवालदारांनी गॉगल खिशात ठेवला.

"हवालदार," हुसेनभाई हळूच म्हणाले, "गॉगल नकलीच हाय."

"आता कशाला? मिटलं की सगळं."

"न्हाई, खरंच. मला एका व्यापाऱ्यानं अस्सल म्हणून दिला, मी तुमाला दिला. तुमी ड्युटीवर गेला आन् आठ दिसांत वहिनी आल्या, गावाकडनं एकट्या. गॉगलच्या रंगानं नाकावर काळा डाग पडलेला. डोकं दुखतं म्हणाल्या. मला लय लाज वाटली. एका गिऱ्हाइकाचा तसलाच मोडका अस्सल गॉगल पडला हुता, त्याच्या काचा मी ह्यात बसवून दिल्या. बाकी दांड्या-बिजागऱ्या सगळं नकली. पैसं परत देत हुतो, तर घेतलं न्हाईत. म्हणाल्या, त्यास्नी कळू देऊ नका, लय हौसेनं आणलाय. परवा तुमी आला तवा मला वाटलं, तुमाला कळलं."

हवालदारांनी गॉगलच्या खिशावर हात ठेवला.

"हितं आलती ती?"

"व्हय."

"मला कवाच बोलली न्हाई." ते दुकानभर बघत राहिले. "बसली कुठं हुती?"

हुसेनभाईंनी दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"लुगडं कंचं हुतं?"

"आवं, पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. लुगडं कसं ध्यानात राहील?"

बाहेरून वीरधवलनं मोटारसायकलचा हॉर्न दिला. हवालदार बाकापर्यंत गेले, आधी हातानं बाक चाचपला आणि मग कडेला, जरा जागा सोडून बसले.

"आटवा," ते म्हणाले. "मी हाय हितंच."