गाडी म्हणते, सरळ जा

चांदणी चौकात गाडीनं पुलावर चढायला सांगितलं तेव्हा पुलाच्या जागी मोकळी हवा होती. तो जुना पूल स्फोटानं पाडला, ते अख्ख्या पुण्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. गाडीला मात्र कुणी कळवलं नव्हतं. नव्या रस्त्यांच्या गुंत्यात शिरल्यावर तर पडद्यावरचा बाण शेतातून पळू लागला. मराठीची सोय नसल्यामुळे आतली बाई हिंदीत यू-टर्न मागत राहिली आणि वासंतीबाई गजभिये तो देत राहिल्या.

शेजारी बसलेले त्यांचे यजमान सीतारामराव मांडीवर आहेराची साडी धरून होते. मोबाइलवर रस्ता बघू का, असं त्यांनी एकदा हळूच विचारलं. वासंतीबाई पाटबंधारे खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि ही गाडी त्यांनी समोरच्या त्या मोठ्या पडद्यासाठीच घेतली होती. कंपनीनं दिलेली वस्तू चालत नसेल तर ती चालवून घ्यायची, दुसरीकडून उसनी आणायची नाही, असं त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं.

बावधनच्या कार्यालयात पोचेपर्यंत भाची अपेक्षाचा साखरपुडा उरकला होता. त्रिशरण-पंचशील वासंतीबाईंनी म्हणायचं ठरलं होतं. त्यांची वाट बघून बघून ते नवऱ्या मुलाच्या मामांनी म्हटलं, आणि फार बेसूर म्हटलं, असं नंतर प्रत्येकानं त्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं. अपेक्षा फक्त रडवेली हसली, आणि ते वासंतीबाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या वारज्याच्या सर्व्हिस सेंटरवर हजर झाल्या. तिथला मॅनेजर दिग्विजय इस्त्रीच्या शर्टातला गोड बोलणारा तरुण होता. नकाशा बदलून देणं आमच्या हातात नसतं, तो सिस्टीममधून यावा लागतो, असं त्यानं समजावलं. कंपनीच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला, तर अशी गाडी भारतात विकलीच गेलेली नाही, असं उत्तर आलं. हेल्पलाइनवरच्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपण आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात, असं विचारलं. शेवटी कुठूनशी खरी लिंक मिळाली. सीतारामरावांनी घरच्या लॅपटॉपवर नकाशा उतरवायला घेतला. तो जवळजवळ पूर्ण व्हायचा आणि गुरुवारची वीज जायची. अखेर एकदाचा तो पेनड्राइव्हवर आला. गाडीनं पेनड्राइव्ह वाचला, बराच वेळ विचार केला आणि जाहीर केलं की हा नवा नकाशा आपल्याकडच्या नकाशापेक्षा जुना आहे.

पेनड्राइव्ह घेऊन त्या पुन्हा वारज्याला गेल्या. तेव्हा दिग्विजयच्या तोंडून खरं निघून गेलं.

"मॅडम, ऑनेस्टली सांगू का, हे नेव्हिगेशन कोणीच युज करत नाही. सगळे मोबाइलच लावतात."

"मग ही काच बसवलीत कशाला? दागिना म्हणून?" वासंतीबाईंनी गाडीचं दार उघडलं. "बसा. कर्वेनगरला माझ्या घरी जायचंय. ही सांगेल तसंच जायचं. मध्ये बोलायचं नाही."

दिग्विजय पुढे बसला, सोबत आलेले सीतारामराव मागे. गाडीनं हमरस्ता टाळला आणि कालव्याच्या बाजूनं आडवाटा काढत त्यांना एका उंच लोखंडी फाटकासमोर आणून उभं केलं. फाटकावर 'सुवर्णछाया सोसायटी' अशी पाटी होती. गाडी म्हणाली, "सीधे जाइए।"

वॉचमननं कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय विचारलं. वासंतीबाईंनी कुठल्याच नाही, पलीकडे जायचंय, असं सांगितलं. पलीकडे रस्ताच नाही, असं तो म्हणाला. मागे सोसायटीच्याच दोन-चार गाड्या येऊन हॉर्न वाजवू लागल्या. वॉचमननं चेअरमन हिंमतरावांना बोलावलं. ते अर्ध्या चड्डीत आणि पूर्ण रागात आले. हा सोसायटीचा खाजगी रस्ता आहे आणि पहिल्यापासून खाजगीच आहे, असं त्यांनी ठणकावलं.

भिंतीच्या कडेनं डोक्यावर भाजीची पाटी घेऊन एक बाई चालली होती. गर्दी पाहून ती थांबली. ती मागच्या वस्तीत राहणारी सुंदराबाई. काय झालं ते तिनं सीतारामरावांकडून समजून घेतलं आणि पाटी उतरवून गाडीच्या काचेतून वाकून पडद्याकडे बघितलं. पडद्यावर फाटक नव्हतं, भिंत नव्हती. पांढरी रेघ सरळ तिच्या वस्तीतून कर्वेनगरला निघत होती.

"हाच तर रस्ता हाय," ती म्हणाली. "आमची पोरं ह्याच रस्त्यानं साळंत जायची. ह्यांनी दोन्हीकडून दारं लावली, तवापासून कालव्याला वळसा घालतोय आम्ही."

हिंमतराव म्हणाले की असल्या नकाशावर कोण विश्वास ठेवतं. इतका वेळ गप्प बसलेल्या दिग्विजयला हे कुठंतरी झोंबलं. गेले काही आठवडे त्या नकाशाबद्दल तो रोज माफी मागत होता, पण परक्या माणसानं त्याला नावं ठेवावीत हे त्याला सहन झालं नाही.

"एक्स्क्यूज मी सर. आमची कंपनी प्रॉपर सर्व्हे करूनच मॅप बनवते. त्यात रोड आहे म्हणजे रोड होता."

"अहो, तो मॅप जुना असेल," हिंमतराव वासंतीबाईंकडे वळले. "अपडेट करून घ्या."

वासंतीबाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग सुंदराबाईकडे. राग आला की त्यांच्या तोंडी नागपूर यायचं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर वासंतीबाई रोज सकाळी ऑफिसच्या वेळेला गाडी घेऊन त्या फाटकाशी जाऊ लागल्या. मागच्या सीटवर सुंदराबाई आणि तिच्या शेजारणी. आवाज मोठा केलेला. गाडी म्हणायची सीधे जाइए आणि वासंतीबाई म्हणायच्या, ऐकलंत ना. आतून बाहेर पडणाऱ्या आयटीवाल्यांची रांग सोसायटीच्या टॉवरपर्यंत जायची. पोलीस आले, तेव्हा आपण गाडीच्या सूचना पाळतोय, एवढंच त्यांनी सांगितलं. महापालिकेत त्या गेल्या. ज्या खुर्चीत त्या आयुष्यभर बसल्या होत्या तसल्याच खुर्चीसमोर, तिथला साहेब उठून पाहणीला निघेपर्यंत बसून राहिल्या. सीतारामराव डबा पोचवायचे. अपेक्षाही एकदा नवऱ्या मुलाला घेऊन आली आणि दोघं मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसली.

शेवटी पाहणी झाली, रस्ता सार्वजनिकच निघाला आणि महापालिकेनं दोन्ही फाटकं काढायला लावली. त्याच सकाळी वासंतीबाई फाटक निघालेल्या जागी गाडी घेऊन उभ्या असताना दिग्विजयचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. हेड ऑफिसनं मॅडमच्या तक्रारीची खास दखल घेतली होती आणि अगदी ताजा नकाशा फुकट पाठवला होता.

"त्यात हा कालव्याकडचा रस्ता आहे का?" वासंतीबाईंनी विचारलं.

दिग्विजयनं बघून सांगितलं की नाही, तिथं सोसायटी दाखवलीय.

"मग तो तुमच्याकडेच ठेवा."

"ओके मॅडम. मग तुमची कंप्लेंट क्लोज करतो."

"अजिबात नाही. तक्रार चालू राहू द्या. दुरुस्ती तेवढी करायची नाही."

पलीकडे कीबोर्ड खटखटत राहिला. असा ऑप्शन सिस्टीममध्ये नाही, असं दिग्विजय अखेर म्हणाला.

"नसेल तर घालून घ्या," वासंतीबाईंनी सांगितलं, फोन ठेवला आणि गाडी सरळ पुढे घेतली.