धोंड्याचं फोल्डर

लतीफचाचांच्या मिनीबसगाड्यांच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर हे आमोदचं पहिलंच स्वतंत्र काम. ते जमलं तर पोलादपुरातच राहायचं, फसलं तर मुकाट्याने पुण्याची नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. पण चाचण्या घेणाऱ्या टूलला त्याचं काही बघवत नव्हतं. रोज चालवावं आणि रोज स्क्रीन लालभडक.

"दृष्ट लागलीय," त्याची आई सरोज म्हणाली. पोरगं घरी परतल्याचा तिला कोण आनंद! "पूर्वी मूल जगत नसलं की धोंड्या, दगड्या अशी नावं ठेवायचे. मग वाईट नजर तिकडे वळतच नसे. तू याचं काय नाव ठेवलंयस?"

"टेस्ट-बुकिंग. चाचण्यांचं फोल्डर आहे गं ते."

"मग लागणारच! धोंड्या ठेव."

आईचं मन कशाला मोडा, म्हणून त्याने फोल्डरचं नाव 'धोंड्या' केलं आणि टूल चालवलं. स्क्रीन हिरवीगार! एकही चूक नाही. सरोजने लगोलग शिरा केला. शिरा खाता खाता आमोदनेही फार चौकशी केली नाही. सुख दारात आल्यावर त्याला ओळखपत्र कोण मागतं?

सॉफ्टवेअर सुरू झालं त्याच दुपारी लतीफचाचांचा फोन आला.

"अरे आमोद, महाबळेश्वरचं तिकीट काढलेली माणसं शिवथरला उतरलीत! स्वेटर घालून घळीपाशी बसलीत!"

"पण चाचा, टेस्टिंगमध्ये एकही चूक नव्हती."

"चूक नाय? मग ही शिव्या घालतायत ती कोण हायत रे?"

आमोदने घाम पुसत टूलचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. ज्याचं नाव 'टेस्ट'ने सुरू होतं, तेवढंच फोल्डर ते उघडायचं. धोंड्याकडे टूलने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकही चाचणी झाली नव्हती, मग चूक सापडणार कुठून?

"उद्यापर्यंत दे करून," चाचा म्हणाले. "तोवर हाताने पावत्या फाडतो. नाय जमलं तर सांग, रागावणार नाय."

ते रागावले असते तर बरं, असं आमोदला वाटलं. त्याने जुनं नाव परत दिलं आणि टूलला नवा नियम घातला: नाव चुकीचं असेल तर जागीच अडायचं. मग चाचण्या लावल्या. स्क्रीन लालभडक, आणि त्या लालीत अदलाबदल झालेल्या दोन गाड्या स्पष्ट दिसत होत्या.

"सापडली!" तो ओरडला.

सरोज धावत आली, स्क्रीन बघून तिने कपाळाला हात लावला. "बदललंस ना नाव?" असं म्हणून ती आत गेली आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आली. आमोद चुका दुरुस्त करत होता आणि ती लॅपटॉपवरून मूठ ओवाळत होती. शेवटची चूक निस्तरली, स्क्रीन हिरवी झाली, तेव्हा मोहऱ्या गॅसवर तडतडत होत्या.

आमोदने खरं सांगायला तोंड उघडलं. पण तिचा फुललेला चेहरा पाहून ते मिटलं. चाचांना फोनही तिनेच केला.

"लतीफभाई, अगदी ठणठणीत बरं झालंय. फक्त चारचौघांत त्याला चांगलं म्हणू नका."