रोज उघडलेलं झाकण

आमचे शेजारी दगडूतात्या गाईचा चारा आधी स्वतः चाखतात. आचाऱ्यानं वरणाचं मीठ बघावं तसे डोळे मिटून चिमूटभर चघळतात, थुंकतात आणि म्हणतात, "गुर्जी, खात्री करून घ्यावं लागतंय."

तात्यांना कशाचीच खात्री नसते. नेकनूरची पाटी लावलेली एसटी नेकनूरलाच जाते का, हे ते ड्रायव्हरला विचारतात, कंडक्टरला विचारतात आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईलाही विचारतात.

यंदा मका अर्धाच हाती आला. मग तात्यांनी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या गिरणीतून टरफलांचा भुगा आणि दाण्यांची लाल सालं आणली. ती हिरव्या मक्यात कालवून, गुळाचं पाणी शिंपडून दोन निळ्या ड्रमांत मुरघास घातला, म्हणजे हवाबंद दाबून आंबवायचा चारा. एक ड्रम तात्यांनी पायांनी तुडवला, दुसरा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी. दुसऱ्या दिवशी काकू मुलासोबत ऊसतोडीला गेल्या. जाताना गाभण गाय चांदी तात्यांच्या हवाली केली आणि दीड महिना झाकणाला हात लावू नका, असं दोनदा बजावलं.

तात्यांनी एका ड्रमाचं झाकण रोज उघडलं. भिंतीपलीकडून झाकणाचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून धावायचो. हवा लागली की बुरशी धरते, हे मी सांगून थकलो. ते मान डोलवायचे आणि सकाळी पुन्हा उघडायचे.

दीड महिन्यानं त्यांनी त्यातलंच चाखून चांदीला घातलं. चाळीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या जिभेला बुरशी काय कळणार? चांदीनं वैरण सोडली, रवंथ थांबलं. तात्यांनीही भाकरी सोडली. काकूंचा फोन आला की "खाती, खाती" म्हणायचे. पोटातलं वासरू जातं की काय, या धास्तीनं मलाही झोप येईना.

डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो ड्रम उकिरड्यावर रिकामा करायला लावला. तिसऱ्या सकाळी चांदी रवंथ करू लागली, तेव्हा तात्यांनी गोठ्यातच बसून भाकरी खाल्ली.

दुसरा ड्रम उघडला, तर मुरघास अगदी झकास. मी चिडून विचारलं, हा नाही वाटला रोज उघडावासा?

तात्या चांदीची पाठ खाजवू लागले.

"ह्यो म्या तुडवलेला. त्यात काय बगायचं, गुर्जी? त्या ड्रमात वर तिची पावलं उमटली व्हती."