शेजारचं घर विकणे आहे

नोकरी सोडून घरा-प्लॉटांची दलाली करावी की करू नये, या विचारानं सूर्यभानची झोप उडाली होती, आणि जेवणाची चव गेली होती. अकोल्यातल्या एका खाजगी शाळेत तो कारकून होता. पगार बेताचाच, पण येणारा. आणि माणूस असा, की भाजीवालीला वाईट वाटू नये म्हणून दोन किडकी वांगी स्वतःच्या हातानं पिशवीत टाकणारा.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं त्याच्या साळ्यानं, कुलदीपनं. कुलदीप अमरावतीला प्रॉपर्टीचं काम करायचा, पांढरे बूट घालायचा आणि फोनवर सगळ्यांना ‘साइटवर आहे’ असं सांगायचा. (तेव्हा तो बहुधा जेवत असे.)

“भाऊजी, किती दिवस पोट्ट्याईचे दाखले लिवत बससान?” तो म्हणाला. “अमरावती मी पायतो, अकोला तुमी सांभाळा. नुसतं बोलाचंच तं असते!”

नेमकी बोलण्याचीच सूर्यभानला धास्ती होती. पण कुलदीपनं व्हिजिटिंग कार्डांचा डबाच छापून आणला. नावाखाली लिहिलं होतं, ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’. बायकोनं, म्हणजे प्रतीक्षानं, एक कार्ड उजेडात धरलं.

“कन्सल्टंट म्हंजे काय?”

“सल्ला देनारा.”

“तुमचा सल्ला कोन घेते? मी तं लग्न झाल्यापासून एकबी नाई घेतला.” मग तिनं अट घातली. “आधी एक घर इकून दाखवा. इकलं तं खुशाल राजीनामा देजा. नाई तं पोरीच्या कॉलेजात फीच्या जागी हे कार्डं ठेवसान काय?”

अट वाजवी होती, हीच तिच्यातली अडचण होती. आता सुटायला वाट नव्हती.

विकायला घर मात्र हाताशी होतं, अगदी भिंतीला भिंत लागून. शेजारचे केशवराव मुलाकडे अमरावतीला राहायला गेले होते आणि किल्ली सूर्यभानकडे ठेवून ‘गिऱ्हाईक पाहा’ म्हणाले होते. सूर्यभाननं फाटकावर पाटी लावली, खाली स्वतःचा नंबर टाकला, आणि फोन येऊ नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत बसला. फोन दुसऱ्याच दिवशी आला. धामणगाव रेल्वे या गावचे निवृत्त शिक्षक देवमन गुरुजी आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई रविवारी सकाळी घर पाहायला येणार होते.

त्यानं घाबरून कुलदीपला फोन लावला.

“साइटवर हावो,” कुलदीप घास चावत म्हणाला. “दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वास्तू पाठ करा. अन् तुमी शेजारी राह्यता हे बिलकुल सांगू नका. शेजारीच इकून राह्यला म्हटलं, की गिऱ्हाइकाले वाटते घरात काईतरी खोट हाय.”

शनिवारी सूर्यभाननं ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य हे सगळं परीक्षेला बसल्यासारखं घोकलं. पाहायला हवं ते मात्र त्यानं पाहिलंच नाही. केशवराव गेल्यापासून ते घर तसं रिकामं नव्हतं. आधी सावली बरी म्हणून सूर्यभानची स्कूटर तिथं गेली. मग नळाचा भरवसा नाही म्हणून त्यांच्या बोअरमधून भिंतीवरून एक पाइप सूर्यभानच्या टाकीत आला. मग सूर्यभानच्या घरावर टिनं आणि केशवरावांच्या घरावर छान स्लॅब, म्हणून प्रतीक्षाच्या कुरड्या तिकडे वाळायला लागल्या. हे सारं इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण दुसऱ्याच्या घरात हातपाय पसरलेत हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

रविवारी दुर्गाबाईंना घेऊन गुरुजी आले. उंच, करड्या नजरेचे, हातात छत्री. सूर्यभाननं त्यांना थेट एका कोपऱ्याशी नेलं.

“हा पाहा, ईशान्य कोपरा,” त्यानं सुरुवात केली.

“आमी वास्तू-गिस्तू मानत नाई,” गुरुजी म्हणाले. “पान्याचं सांगा.”

शनिवारची सगळी मेहनत तिथंच वाया गेली. सूर्यभान गडबडला, आणि गडबडला की त्याच्या तोंडून खरंच निघतं.

“पानी भरपूर! या बोअरवर भर मे महिन्यात दोन घरं चालतात.”

“दोन? दुसरं कोनाचं?”

गुरुजींची नजर पाइपावरून सरकत भिंतीपर्यंत गेली.

“ते… शेजाऱ्यानं टाकला.”

“इचारून?”

“तो जरा आगाऊ हाय.”

“अन् हे स्कूटर?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“त्याचीच.” (तिची किल्ली सूर्यभानच्या खिशात टोचत होती.)

सगळे वर गच्चीवर गेले. गच्चीभर जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरड्या. पाय ठेवायला जागा नव्हती.

“हेबी त्याचंच?”

“त्याच्या बायकोचं.”

“लयच बेकार शेजारी दिसते!”

“एकदम बेकार मानूस!” सूर्यभान म्हणाला, आणि काय झालं कोण जाणे, त्याची जीभ सुटली. “कामाचा ना धामाचा! फुकटचं भेटलं की दोन्ही हातानं घेते. बायकोपुढं तोंड उघडत नाई. तुमी राह्यले आले की सरळ करून टाका त्याले!”

इतकं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. दलालाला लागते ती वाणी आपल्यातही आहे, हे त्याला आज प्रथमच कळलं. विषय तेवढा चुकला होता.

“बलावा त्याले,” गुरुजींनी छत्री आपटली. “आताच होऊन जाऊ द्या आमनेसामने.”

“तो… घरी नसते.”

तेवढ्यात आभाळ दाटून आलं आणि खाली भिंतीवरून प्रतीक्षाचं डोकं वर आलं.

“अहो! आभाळ आलं! वरच आहा तं कुरड्या उचला ना लवकर! अन् स्कूटर आत घ्या, चाबी तुमच्याच खिशात हाय!”

दुर्गाबाईंनी आधी खाली पाहिलं, मग सूर्यभानकडे.

“म्हंजे तो बेकार मानूस…”

“मीच,” सूर्यभान म्हणाला. जमीन दुभंगावी असं त्याला वाटलं, पण तो स्लॅबवर होता.

पुढचं भांडण व्हायचं राहिलं, कारण आभाळ आलेलं असताना वऱ्हाडातली बाई समोरच्या कुरड्या भिजू देत नाही, मग त्या वैऱ्याच्या का असेनात. दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि साडीची दोन टोकं धरली. प्रतीक्षा धावत वर आली. गुरुजींनाही एक टोक धरावं लागलं. सगळं खाली आणून होतंय तोवर आभाळ पांगलं आणि ऊन पडलं.

मग प्रतीक्षानं पन्हं आणलं आणि कुणी न विचारताच सगळं सांगून टाकलं. पाइप तिनंच टाकायला लावला होता, तो आजच निघेल. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. बाकी घर खणखणीत आहे. दुर्गाबाईंनी गव्हाच्या चिकाची चौकशी केली. मग त्या दोघी मिठाच्या प्रमाणावरून वाद घालायला लागल्या, तेही जुनी ओळख असल्यासारख्या.

सूर्यभान कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. नवराबायको ओसरीत जाऊन काहीतरी कुजबुजले.

“भाऊ,” दुर्गाबाई आत येऊन म्हणाल्या, “घर पसंत हाय आमाले.”

सूर्यभाननं मान वर केली.

“अन् शेजारीनबी पसंत हाय.”

सूर्यभान ताठ बसला. ‘माननीय अध्यक्ष महोदय, मी खुशीनं राजीनामा…’ इथपर्यंत मजकूर त्याच्या डोक्यात तयारही झाला. गुरुजींनी घसा खाकरला, आणि नापास पोराच्या बापाशी बोलावं तशा मायेनं ते म्हणाले,

“आता फक्त सौदा कराले एखादा चांगला दलाल पायजे. तुमच्या ओळखीत हाय काय कोनी?”

सूर्यभाननं कुलदीपचा नंबर सांगितला. गुरुजी लिहायला कागद शोधू लागले, तेव्हा त्यानं खिशातून स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड काढून पुढं केलं. गुरुजींनी ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नंबर नीट उतरवून घेतला.

डब्यातल्या कार्डांपैकी खपलं ते तेवढंच. बाकीच्यांच्या मागे प्रतीक्षा सूर्यभानसाठी भाजीची यादी लिहून देते, आणि खाली दर वेळी ठळक अक्षरांत एक ओळ असते : ‘किडकी वांगी आणू नये.’