चुलीमागची लाल फुली

"घर डोळ्यांनी बघू नगं, दत्तू. पाठीनं बघ. भितीला पाठ टेकून घटकाभर गप बस. घर आपलं असंल तर भितच सांगती."

दत्तोबाची आई, जाईबाई, जात्यावर बसून हे सांगायची आणि मग खुंटा फिरवत गायची:

घर बघाया गं गेला, माझा शहाणा कारभारी
आढं-तुळई बघितली, चूल राहिली माघारी

आई गेली, जातं गेलं, आवाज तेवढा उरला. पण दत्तोबा आता पिंपरीच्या एका कारखान्यात मालतपासनीस होता. लोखंडाचं ओतीव कास्टिंग हातात घ्यायचं, उलटंसुलटं करायचं, खोट दिसली की लाल खडूनं फुली मारायची. त्या फुलीपुढं फोरमनचीही मात्रा चालत नसे. अशा माणसानं भिंतीला पाठ लावून बसायचं म्हणजे काय!

"घराच्या बाबतीत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," तो बायकोला, सरूला, सांगायचा.

आणि ते खरंच होतं. त्याला कुणी फसवलं नव्हतं, कारण त्यानं घरच घेतलं नव्हतं. चिंचवडचं घर फरशीच्या उतारावरून बाद झालं, देहूरोडचं कौलांवरून, तळेगावचं तर दाराच्या कडीवरून. सरू दर वेळी पदर सावरून मागून जायची आणि मागूनच परत यायची. भाड्याच्या खोलीत चूल मांडायला जागा नव्हती. बाहेर पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांशी ती भाकरी थापायची. आता मालकाच्या पोराचं लग्न ठरलं होतं आणि दिवाळीआधी ती खोलीही सोडायची होती.

अशा एका रविवारी दोघं आकुर्डीत केसरबाईचं घर बघायला गेली. दुसरा जोड वाळला नव्हता म्हणून दत्तोबा कंपनीच्या खाकी कपड्यांतच होता. केसरबाई एकटी, कुरुळीला लेकीकडं राहायला निघालेली.

"बघा बाबा," ती म्हणाली, "घर म्हातारं हाय, पर लबाड न्हाई."

दत्तोबानं खडू काढला. खिडकीची चौकट तिरकी, फुली. तुळईला चीर, फुली. चुलीमागच्या भिंतीला पोपडे, तिथं हातभर लांब फुली. मग तो बाहेर आला आणि दर्शनी भिंतीवर, खांबावर, जोत्यावर फुल्या उमटू लागल्या. केसरबाई मागोमाग फिरत होती. लेकराला सुई टोचताना आई मिटते तसे दर फुलीला डोळे तेवढे मिटत राहिली.

शेजारचा मालोजी ओट्यावर दात घासत होता. त्याच साली पलीकडची शेतं मोजली गेली होती. खाकीतली सरकारी माणसं आली, खुणा करून गेली, आणि ज्वारीच्या जागी रस्ते आले. मालोजीची राखुंडी बोटावरच राहिली.

"साहेब, काय व्हणार म्हनं?"

दत्तोबा दोन्ही घरांमधली सामाईक भिंत ठोकून बघत होता. "ही भिंत पाडल्याशिवाय गत्यंतर नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

मालोजी चूळ न भरताच पळाला. बघता बघता आळी गोळा झाली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. 'साहेब, साहेब' ऐकून दत्तोबाला बरं वाटलं. चांगल्या वस्तीत माणसाची कदर असते, असं त्याला वाटलं. का, हे त्यानं विचारलं नाही. चहा घेतला.

"साहेब, त्या भितीला आमचं देवघर हाय," मालोजी म्हणाला. "येवढी वगळा."

"तडा कुणाला वगळत नाही," दत्तोबा गंभीरपणे म्हणाला.

तेवढ्यात सोपानराव गर्दीतून पुढं आला. त्याच्या घराचं निम्मं छप्पर मागंच बसलं होतं आणि फुलीवाल्या घराला बदली जागा मिळते, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"साहेब, आमच्या घराला इसरलात व्हय?" म्हणत त्यानं दत्तोबाच्या हातातला खडू घेतला आणि आपल्या दारावर घसघशीत फुली ओढली. आणखी दोघांनी ओढल्या. घाईत एक मालोजीच्या दारावर पडली. मालोजीनं घागर आणून ती धुतली, ते पाणी सोपानरावाच्या धोतरावर गेलं, आणि दोघं एकमेकांचे पूर्वज काढू लागले.

"अहो, भांडता कशाला?" दत्तोबा म्हणाला. "मी घर विकत घ्यायला आलोय."

मालोजीनं घागर खाली ठेवली.

"कुठल्या हापिसाकडनं?" मालोजीनं विचारलं.

"माझ्याकडनं. राहायला."

"मग ह्या फुल्या?"

"खोट दिसली की मारायची सवय आहे कंपनीत."

"तरीच," सोपानराव धोतर पिळत म्हणाला, "सरकारी माणूस बशीतला चहा असा फुंकून पीत न्हाई."

कुणी हसलं नाही. मालोजीनं खुर्ची उचलून नेली.

मग केसरबाई पुढं आली. "येवढं वंगाळ दिसलं तुमाला. बरं काय दिसलं का, बाबा?"

दत्तोबानं बोटांवरचा लाल खडू झटकला. कारखान्यात चांगल्या मालाला खूण नसते, तो नुसता पुढं जातो. खाली मान घालून तो सरूला हाक मारायला आत गेला. केसरबाई मागोमाग आली.

सरू चुलीपाशी बसली होती. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. बाहेर एवढं रण माजलं, पण ती जागची हलली नव्हती.

"ऊठ, जाऊ आता."

ती उठून वळली. चुलीमागच्या भिंतीवरची फुली पुसट झाली होती. ती सरूच्या पाठीवर, हिरव्या लुगड्यावर उतरली होती.

दत्तोबा बाहीनं ती पुसू लागला. फुली पुसेना, पसरत गेली.

"राहू द्या," सरू म्हणाली. "सासूबाईंनी तुमाला सांगितलं व्हतं, तसं मलाबी सांगितलं व्हतं. मी प्रत्येक घरात भितीला टेकून बघितलं. तुमी फुल्या मारीत व्हता."

"मग?"

"मग काय? हे घर मला पायजे." एवढी वर्षं गिळलेलं तोंडाशी आलंच होतं, ते तिनं आता अडवलं नाही.

"तळेगावचंबी पायजे व्हतं."