जावयाला पाय लागला

"मीनाबाई, सोमवारपासून तुम्ही कामावर येऊ नका," मॅनेजर धनसिंग म्हणाला आणि मीनाबाईने हातातलं पाकीट खाली ठेवलं. धनसिंग एरवी चारचौघांसारखा अहिराणीत बोलायचा. तो शाळेतली मराठी बोलायला लागला म्हणजे प्रकरण गंभीर, हे नंदुरबारच्या त्या मिरचीपूड कारखान्यातल्या तेवीसच्या तेवीस बायांना ठाऊक होतं.

"मी काय करं, भाऊ?"

"मशीन मुद्दाम बंद पाडता तुम्ही. काल एका दिवसात दोनशे बारा वेळा थांबलं. आणि पुढारी कोण, ते मला कळत नाही असं समजू नका."

अठरा वर्षं मीनाबाई इथे पाकिटं भरत होती. मिरचीच्या धुरळ्यात शिंकत, डोळे पुसत, पण एक खाडा न करता. धाकट्या लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष ह्याच पगारावर चाललं होतं. आणि हा कालचा पोरगा म्हणतो, मुद्दाम!

मशीन येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. यंत्रमानव, यंत्रमानव म्हणून आठवडाभर गाजावाजा झाला. आला तेव्हा त्याला ना डोकं, ना पाय. लोखंडी खांबावर बसवलेला नुसता एक लांब हात. बायांनी पुढ्यात ठेवलेली पाकिटं उचलून खोक्यात रचायची, एवढंच त्याचं काम. बसवायला पुण्याहून रूथ आली होती. मुलगी मूळची इथलीच, नवापूरकडची, त्यामुळे नीट समजावून सांगत होती.

"मावशी, ह्याला पिंजरा लागत नाही. हा तुमच्या शेजारीच काम करणार. जरासा धक्का लागला तरी आपोआप थांबतो, कुणाला इजा करत नाही. मग हिरवं बटण दाबायचं, की पुन्हा चालू."

"म्हंजे जवाईच शे की!" भुरीबाई म्हणाली. "जरासा धक्का लागना, का रुसना!"

तेव्हापासून त्याचं नाव जावई. शेठनी खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना हात जोडायला लावले. घोटाळ्याचं मूळ तिथेच होतं, पण ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण हळदकुंकू लावलेल्या वस्तूला पाय लागला, तर माणूस काय करतो? हात लावून नमस्कार करतो. दुसऱ्याच दिवशी मीनाबाईचा पाय खांबाला लागला. खांब हादरला, जावई थांबला. तिने हिरवं बटण दाबलं, तो हलायला लागला. तिने लगेच त्याच्या हाताला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. जावई पुन्हा थांबला. पुन्हा बटण. एका ठोकरीत दोन थांबे, आणि असं तेवीस जणींचं दिवसभर.

"बंद शे तवयच नमस्कार करी ले ना," भुरीबाईने सुचवलं होतं.

"झोपेल माणूसनी माफी मांगीसन काय फायदा?" मीनाबाई म्हणाली. "तेले समजाले पाहिजे ना!"

हे सगळ्यांना पटलं.

तिसऱ्या आठवड्यात धनसिंगने पाटी लावली: यंत्रास हात लावू नये. बाया आज्ञाधारक. त्यांनी हात लावणं बंद केलं. पाय मात्र लागतच होते, आणि आता प्रत्येक ठोकर बिनमाफीची मनावर साठत होती. बुधवारी कालीबाईच्या नातवाला ताप आला. त्याचा आणि खांबाचा काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. भुरीबाईने तोड काढली. "दिनभरना नमस्कार सक्कायम्हाच करी टाकूत. धनसिंगभाऊ येवाना पहिले."

म्हणून गुरुवारी सकाळी आठला तेवीस जणी रांगेत उभ्या राहिल्या आणि एकेकीने दिवसभराची आगाऊ माफी मागून घेतली. जावई तेवीस वेळा थांबला. त्यानंतर माफी मागून झालेलीच असल्यामुळे बाया इतक्या बिनधास्त पाय टाकू लागल्या, की संध्याकाळपर्यंत आकडा दोनशे बारावर गेला. रांगेचं शेवटचं टोक धनसिंगला दारातून दिसलं होतं आणि टोकाला मीनाबाई होती.

शनिवारी रूथ पुण्याहून आली. शेठही आले. मीनाबाईचा तो शेवटचा दिवस. पट्ट्यावरून येणारी पाकिटं ती जावयापुढे ठेवत होती. नोकरी गेली तर गेली, निदान चोरट्यासारखं जायला नको, एवढंच तिला वाटत होतं.

रूथने संगणकावरच्या नोंदी बराच वेळ बघितल्या. "शेठ, पहिले दोन आठवडे थांबे सगळे जोडीजोडीने आहेत. एक थांबा, दहा सेकंदांनी दुसरा. मुद्दाम बंद पाडणारा माणूस इतक्या शिस्तीत पाडत नाही. मावशी, खरं सांगा, काय करता तुम्ही?"

मीनाबाईने पदर सावरला आणि सगळं सांगून टाकलं.

शेठना धक्काच बसला. "मशीनच्या पाया पडता?"

"पाय कोठे शेत तेले?" मीनाबाई रडवेली होऊन म्हणाली. "मंग हातलेच नमस्कार करतस आम्हीन."

रूथ हसली नाही. तिने पर्समधून टेप काढली आणि खांबापासून बायांच्या कामाच्या बाकापर्यंतचं अंतर मोजलं. मग पुन्हा मोजलं. "मी साडेतीन फूट सोडले होते. इथे दीड फूटच आहे. धडगावच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये बसल्यासारख्या अंग चोरून उभ्या आहेत ह्या. पाय लागणार नाही तर काय होईल? खांब कुणी सरकवला?"

सगळ्यांची नजर खांबामागच्या फ्लेक्सवर गेली. वर शेठचा फोटो, खाली गॉगल लावलेला धनसिंग, मध्ये ‘हार्दिक अभिनंदन’. उद्घाटनाच्या संध्याकाळी मशीन आणि फ्लेक्स एका फोटोत येईनात, तेव्हा चार हमाल लावून धनसिंगने मशीन पुढे ढकलून घेतलं होतं. फोटो झकास आला होता. गावभर फिरला होता. मशीन तिथेच राहिलं.

शेठनी त्या गॉगलकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "धनसिंग, मीनाबाई सोमवारी कामावर येतील. त्यांची माफी माग. आत्ता, सगळ्यांसमोर."

धनसिंगची शाळेतली मराठी कुठल्या कुठे पळाली. "चुकी गयं, मावशी," असं पुटपुटत तो बाक आणि खांब ह्यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत शिरला, आणि त्याचा बूट मीनाबाईच्या पायावर पडला.

"व माय!"

पुढचं त्याने ठरवून केलं नाही. लहानपणापासूनची सवय. तो चटकन खाली वाकला, मीनाबाईच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला.

अठरा वर्षांत ह्या कारखान्यात मीनाबाईवर लोक ओरडले होते, दिवाळीला तिला स्टीलचा डबाही मिळाला होता, पण तिच्यापुढे कधी कुणी वाकलं नव्हतं. ती जागच्या जागी उभी राहिली. डोळे उघडे, हात अधांतरी. पट्ट्यावरून पाकिटं येत होती आणि तिच्यासमोरून टपाटप खाली पडत होती.

"मीनाबाय, पाकिटं! पाकिटं देख ना व!" भुरीबाई ओरडली. मीनाबाईला ऐकूच गेलं नाही. पलीकडून भुरीबाई ठेवत होती ती पाकिटं जावई मुकाट्याने उचलत राहिला.

त्या वेळच्या अहवालात यंत्र थांबल्याची एकही नोंद नाही. एकतीस पाकिटं जमिनीवर पडली, ती कशामुळे, हे रूथने लिहिलं नाही आणि शेठनीही विचारलं नाही.