बफेलो फोर्कला समुद्र लाभला

कॉलेज-फुटबॉलचे गट पाडणारे महाशय, तुम्ही नकाशा न बघता निर्णय घेतलात आणि वर आम्हालाच अडाणी म्हणालात. तुमचं नाव इथे घेत नाही, कारण दारावरच्या पाटीचा रंग वाळायच्या आत तुम्ही ते बदलता. पण अटलांटिक महासागर उचलून कॅन्ससच्या गव्हात आणून सोडला तो तुम्हीच. नाकारून दाखवा.

झालं ते असं. बफेलो फोर्क कॉलेजचा फुटबॉल संघ यापुढे 'पूर्व किनारा' गटात खेळेल, असं पत्रक मार्चमध्ये निघालं. बफेलो फोर्कपासून पूर्वेचा किनारा तेराशे मैल. पत्रकात तळाशी खुलासा होता : 'किनारा ही भौगोलिक नसून टीव्ही-प्रक्षेपणविषयक संकल्पना आहे.' त्याच आठवड्यात नदीपलीकडचं, अठरा मैलांवरचं हॉलिस कॉलेज पॅसिफिकवाल्यांच्या गटात गेलं. दोन्ही गावं होती तिथेच राहिली. मधे फक्त अख्खी अमेरिका येऊन बसली.

धान्याच्या कोठारावर अडतीस वर्षं वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेल्या वेंडल क्रुप्काला हे पत्रक चांगलंच झोंबलं. वेंडल बफेलो फोर्कचा, बायको लोर्ना हॉलिसची. लग्नात दोघांचा एकच करार झाला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी दोन्ही कॉलेजांची मॅच असते. तीत ज्याचं कॉलेज हरेल त्याने रस्त्याकडेची टपालपेटी दुसऱ्याच्या रंगात रंगवायची आणि वर्षभर मुकाट तिच्यातून पत्रं काढायची. गेल्या वर्षी हॉलिस एका गुणाने जिंकलं आणि पेटी जांभळी झाली. आता गट वेगळे, म्हणून मॅच रद्द. आणि मॅच रद्द, म्हणून पेटी मरेपर्यंत जांभळी.

लोर्ना हसेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "फुकटची जांभळी पेटी मला नको. तुला हरवून घेतलेली हवी. लिही त्यांना पत्र."

त्याने लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. 'शेजारी' हा शब्द जुन्या नियमावलीतला असून तो आता वगळण्यात आला आहे. बफेलो फोर्कला मेन राज्यातलं एक कॉलेज पारंपरिक वैरी म्हणून नेमून देण्यात आलं आहे. ही परंपरा येत्या सप्टेंबरपासून सुरू होईल आणि ती एकशेचार वर्षं जुनी असेल. समर्थकांनी पंधरा ऑगस्टपर्यंत द्वेष सुरू करावा. ज्यांना जमत नसेल त्यांच्यासाठी चाळीस मिनिटांचा अभ्यासक्रम आहे, शेवटी प्रमाणपत्र मिळेल.

"बेचाळीस वर्षं माझ्याशी संसार केला तेव्हा कुठे याला हॉलिसचा नीट राग करता यायला लागला," लोर्ना शेजारणीला सांगत होती, "आणि हे चाळीस मिनिटांत शिकवणार."

गावातल्या तीनशे अकरा जणांना प्रमाणपत्र मिळालं. मेन कुठल्या दिशेला आहे, हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

वेंडल हटला नाही. त्याने सह्या गोळा केल्या, आणि जूनमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सुनावणी लागली. गटातर्फे मिस प्रॉक्टर नावाच्या उपायुक्त आल्या. त्यांनी सगळ्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. इतकं शांतपणे ऐकणारा माणूस निर्णय आधीच खिशात घेऊन येतो, हे वेंडलला कळायला हवं होतं.

"आम्हाला आमची मॅच परत द्या," तो म्हणाला. "जुन्या जागी, जुन्या दिवशी. एवढंच."

"क्रुप्का साहेब, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. मॅच देऊ. पण दोन गटांची मॅच तटस्थ मैदानावर व्हावी लागते."

"तटस्थ म्हणजे नदीच्या पुलावर खेळायचं का?"

"अॅरिझोनात. वाळवंटात, छत असलेलं मैदान आहे. तिथे दोन्ही गावांना सारखंच परकं वाटेल. याहून न्याय्य काही असेल तर सुचवा."

वेंडलने आजूबाजूला पाहिलं. त्याला वाटलं, आता खुर्च्या उडतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी टीव्हीवर जागा नव्हती, म्हणून मॅच मंगळवारी सकाळी साडेनऊला ठरली. शाळांना सुट्टी दिली. अठरा मैलांवरची दोन गावं एकाच विमानतळावर जमली, एकाच विमानात बसली, आणि नऊशे मैल उडून समोरासमोर उभी राहिली. वाहनतळात शेगड्या पेटवून मांस भाजल्याशिवाय मॅच सुरू होत नाही, ही आमच्याकडची रीत. तिथे शेगडीला बंदी होती. त्याऐवजी फाटकाशी शेगडीच्या वासाची अधिकृत कुपी विकत मिळे. ती लोकांनी आनंदाने शर्टावर मारून घेतली.

वेंडल गेला नाही. निषेध म्हणून बफेलो फोर्कच्या रिकाम्या वाहनतळात तो आणि लोर्ना, दोघांनीच शेगडी लावली. सॉसेज भाजली, एकमेकांच्या कॉलेजाला शिव्या घातल्या. साडेनऊला वेंडलने गाडीतून टीव्ही काढला, कारण निषेध असला तरी निकाल कळायला नको का? बफेलो फोर्क तीन गुणांनी जिंकलं. तो लगेच लोर्नासाठी रंगाचा डबा आणायला निघाला.

"कुठे निघालास?" लोर्ना म्हणाली. "वाळवंटातला निकाल माझ्या दारात चालत नाही. पेटी जांभळीच राहील."

हे तिचं म्हणणं वेंडललाही पटलं, आणि म्हणूनच त्याने गटाला शेवटचं, अत्यंत उर्मट पत्र लिहिलं. उत्तर या वेळी चारच दिवसांत आलं. ते लोर्नाने मोठ्याने वाचलं.

'आपली तक्रार मिळाली. आपल्या पत्त्यावर नोंदलेला टीव्ही मॅचच्या दिवशी तीन तास बावन्न मिनिटं चालू होता, जाहिरातींसह. दोन्ही गावांत मागे राहिलेल्यांपैकी कोणाचाही संच त्या वेळी बंद नव्हता. ही आपली लेखी संमती समजण्यात येत आहे. प्रतिसाद पाहून पुढील वर्षीची मॅच जहाजावर, भर समुद्रात घेण्याचं ठरलं आहे, जेणेकरून दोन्ही गटांना आपापला किनारा लाभेल.'

तिने कागदाची घडी घातली.

"बटण तुझ्या हातात होतं, वेंडल. का नाही दाबलंस?"

"तू शेजारीच बसली होतीस. तू तरी 'बंद कर' का नाही म्हणालीस?"

"मी मॅच बघत होते."

तेव्हा महाशय, सुरुवातीचे आरोप मी मागे घेत नाही. फक्त या पत्राच्या पत्त्यात आणखी एक नाव वाढवतो. इथवर वाचून ज्यांनी वेंडलची कीव केली त्यांना विचारतो : तुमचा खेळ कुठलाही असो, तो तुमच्या डोळ्यांदेखत उचलून नेला तेव्हा तुमच्या घरचा टीव्ही किती वेळ चालू होता? जाहिराती धरून सांगा.